इबू इमास यांची घरातली भाषा

औंढ्याच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतः आत चढवली आणि कंडक्टरनं काही विचारलेलं नसताना त्याला सांगितलं, "लेक हाय माझी. इंडोनेशियाला चालली शिकायला."

कंडक्टर मशीनवर बोट ठेवून थांबला. "ते कुठं आलं? पुण्याच्या पुढं का?"

"लई पुढं. समुद्राच्या पल्याड."

"बरं. मंग तिकीट परभणीचंच देऊ ना?"

गाडीतल्या बाया हसल्या, बाबाही हसले. आई मात्र खिडकीखाली उभी राहून मला धपाट्यांचा डबा कसा उघडायचा ते सांगत होती, जणू डबा मी पहिल्यांदाच बघत होते. शेजारचे बशीरचाचा मुद्दाम शिरड शहापूरहून आमच्यासोबत आले होते. ते आमच्या गावातले टेलर. माझ्या बॅगेची चेन त्यांनीच आदल्या दिवशी नवीन बसवून दिली होती. ते म्हणाले, "घबरानेका नै बेटा. वहाँ बी लोगाँच रैते." गाडी हलली, बाबांनी "जयभीम" म्हणून हात वर केला, आणि आई डब्याबद्दलच बोलत मागं राहिली.

त्याला आता पाच वर्षं झाली. मी बांडुंगला राहते. हे शहर जावा बेटाच्या पश्चिमेला, डोंगरांच्या मधोमध आहे. गावाकडची माणसं फोनवर विचारतात, "तिकडं तू नेमकं करतीस काय?" मी सांगते, "दोन भाषांची तुलना करते." मग पलीकडं थोडी शांतता होते. ही शांतता मला चांगलीच ओळखीची झाली आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे. जे गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे कुठंकुठं जाऊन पडले त्यांच्यासाठीही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. बाबा आडतीवर पोती उचलायचे. आई सोयाबीनच्या, तुरीच्या रानात खुरपायला जायची. शाळेत आम्हाला एक बाई होत्या. वर्गात कुणी "न्हाई" म्हटलं की त्या खडू थांबवून म्हणायच्या, "नाही." कुणी "व्हय" म्हटलं की, "होय." मी पहिल्या बाकावर बसायचे. चौथीत गेले तोवर माझं "न्हाई" पूर्ण गेलं होतं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यामुळं मला हिंगोलीच्या कॉलेजात बोलायची भीती वाटली नाही, पुढं विद्यापीठात भाषाविज्ञान घेता आलं, आणि शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत आवाज कापला नाही. आई कधी कधी म्हणायची, "सायबिणीवानी बोलून राहिली बया." पण ते ती कौतुकानं म्हणायची.

बांडुंगला आल्यावर आमच्या सरांनी मला आणि येर नावाच्या मुलीला एकाच प्रकल्पात घातलं. येर उत्तर थायलंडच्या डोंगरातली. तिची मातृभाषा ह्मोंग. ही भाषा बोलणारे लोक चीन, व्हिएतनाम, लाओस, थायलंड अशा चार देशांच्या डोंगरांत पसरलेले आहेत, आणि लढाईमुळं घर सुटलेले पार अमेरिकेतही आहेत. बांडुंगच्या आजूबाजूची मूळ भाषा सुंदानी. सरांचं म्हणणं होतं की या दोन भाषा शेजारी ठेवून बघा, घरातलं रोजचं बोलणं कसं बांधलेलं असतं ते कळेल. ह्मोंगची बाजू येरची, सुंदानीची माझी.

बाबांनी फोनवर विचारलं, "दोन्ही बी आपल्या न्हाईत, मंग काहून तुलना करायची?"

मी म्हटलं, "बाबा, पंच बाहेरगावचाच बरा असतो ना?"

"हां," ते म्हणाले. "हे बराबर हाय."

आता थोडं या भाषांविषयी सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ह्मोंगमध्ये शब्द बहुतेक एकाच तुकड्याचा असतो आणि तो ज्या सुरात म्हणाल त्यावर अर्थ ठरतो. येरनं मला पहिल्या आठवड्यात "पॉ" हा एकच आवाज सात सुरांत म्हणून दाखवला. एका सुरात चेंडू, एकात बाई, एकात फेकणं, एकात पोटातली प्लीहा, एकात काटा, एकात बापाची आई आणि एकात दिसणं. मी आजी म्हणायला जायचे आणि काटा निघायचा. येर पोट धरून हसायची. मग मी तिला आपलं "हं" म्हणून दाखवलं. आई कामात असताना म्हणते ते हं, गोष्ट पुढं सांग म्हणताना म्हणते ते हं, आणि खोटं पकडल्यावर म्हणते ते हं. येर म्हणाली, "बघ, तुझी आई अर्धी ह्मोंग आहे."

सुंदानीत असले सूर नाहीत. तिथं शब्द लांब असतात आणि आतून बदलतात. एक मूल म्हणजे बुदाक, पुष्कळ मुलं म्हणजे बारुदाक. आपण शब्दाच्या शेपटीला जोडतो, ते पोटात घालतात. शिवाय त्या भाषेत ओळखीचे चेहरे भेटतात. साबणाला साबुन, खुर्चीला कोर्सी, बातमीला काबार, वेळेला वाक्तू. पहिल्यांदा हे शब्द ऐकले तेव्हा मला वाटलं, बशीरचाचा माझ्या आधीच इथं येऊन गेलेले दिसतात.

पण सुंदानीची खरी गंमत आणि माझी खरी अडचण वेगळीच होती. या भाषेला दोन कपडे आहेत. बाहेरचा कपडा म्हणजे लेमेस, मऊ, अदबीची भाषा. घरातला कपडा म्हणजे लोमा, मोकळी भाषा. नुसते तू-तुम्ही बदलत नाहीत, शब्दच्या शब्द बदलतात. घरात जेवण्याला दाहार. मोठ्या माणसाच्या जेवण्याला तुआंग. अदबीनं बोलताना स्वतःच्या जेवण्याला नेदा. घरालाही तसंच. साधं घर इमाह, तुमचं घर बुमी, आणि माझं घर रोरोम्पोक, म्हणजे आपली झोपडीच म्हणा ना. बुमी म्हणजे आपली भूमीच. दुसऱ्याचं घर म्हणजे भूमी आणि आपलं म्हणजे खोपटं, हे मला फार आवडलं. आपल्याकडंही माणूस पाव्हण्याला म्हणतोच की, "या, गरिबाच्या घरी."

येरच्या ह्मोंगमध्ये आजीला, सरांना, कुत्र्याला, सगळ्यांना एकच "कॉ". म्हणजे तू. त्यांच्यात घरी आलेल्याला नमस्काराच्या जागी विचारतात, भात खाल्लास का? नॉ मॉ म्हणजे भात खाणं. तो भात राजा खावो की मजूर, क्रियापद एकच.

या दोन भाषांचं घरातलं बोलणं मला शेजारी ठेवायचं होतं. येर सुट्टीत गावी गेली आणि महिनाभरात चाळीस तासांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं. त्यात भांडणं होती, डुकरांना हाकलणं होतं, तिच्या आईचं गाणं होतं. माझ्याकडं होत्या इबू इमास.

इबू म्हणजे आई, बाई. इबू इमास माझ्या घरमालकीण. साठीच्या पुढच्या, एकट्या. नवरा वारलेला, मुलगा गारुतला, तो महिन्यातून एकदा येतो. आयुष्यभर त्यांनी बाजारात खाण्याची गाडी चालवली. त्यांच्या मागच्या खोलीत मी राहायचे, अजूनही राहते. मला त्या नेंग म्हणायच्या, म्हणजे पोरी. मी विचारलं, तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का? त्या लगेच हो म्हणाल्या. कागदावर सहीही केली. मी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या, मध्ये टेबल, टेबलावर रेकॉर्डर. इबू इमास आत गेल्या आणि अर्ध्या तासानं बाहेर आल्या. डोक्याला इस्त्रीचा नवा रुमाल, त्याला चकचकीत पिन, तोंडाला पावडर. आणि जे बोलल्या ते सगळं लेमेस. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

असं चार महिने चाललं. मी कितीही म्हटलं की नेहमीसारखं बोला, तरी त्या पावडर लावून यायच्या आणि "पारांतोस तुआंग?" विचारायच्या. जेवण झालं का आपलं? शेजारणीशी, बहिणीशी फोनवर मोकळं बोलायच्या आणि मी दारात दिसले की भाषेवर ओढणी घ्यायच्या. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. चूक माझी होती, आणि ती पहिल्या बाकावरच्या मुलीनंच करावी अशी होती. मी लेमेस पाठ करून आले होते, शाळेत "नाही" पाठ केलं तसं. मी त्यांच्याशी इतकं शुद्ध, इतकं वाकून बोलायचे, प्रत्येक वेळी हातात काहीतरी खाऊ घेऊन जायचे, की त्या बिचाऱ्या मला घरातलं मानणार तरी कशा? पाव्हणी पाव्हणीसारखी वागली की घरमालकिणीला घरमालकीणच राहावं लागतं.

सरांनी स्पष्ट सांगितलं. एका बाजूला चुलीपुढची ह्मोंग आणि दुसऱ्या बाजूला बैठकीतली सुंदानी, ही तुलना होऊच शकत नाही. सत्र संपेपर्यंत घरातली सुंदानी मिळाली तर प्रबंध, नाही तर शिष्यवृत्ती तिथंच थांबेल. म्हणजे पदवीशिवाय परत. कंडक्टरला काय सांगायचं, हा विचार माझ्या डोक्यात आला. हसू नका, खरंच आला.

मी आईला फोन केला. रडले नाही, पण तिला कळलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू बसतीस कुठं त्या बाईच्या?"

"समोर."

"समोर काहून बसतीस? समोर पोलीस अन् डॉक्टर बसतेत. त्याइच्यापुढं कोणी बोलतं का?"

"मग कुठं बसू?"

"बाजूला बस. आमी रानात पात धरतो तं काय एकमेकीच्या तोंडाकडं बघतो का? हात खाली, डोळे खाली. मंग माणूस सगळं बोलतं. न बोलायचं बी बोलतं."

पात म्हणजे खुरपणाऱ्या बायांची रांग. लहानपणी सुट्टीत मी आईच्या पातीला जायचे. गावातल्या कुणाच्या घरात काय चाललंय ते तिथं कळायचं, आणि ते सांगताना कुणी कुणाकडं बघायचं नाही. इतकी वर्षं भाषाविज्ञान शिकून ही पद्धत मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टेबल उचलून ठेवलं. इबू इमास मागच्या ओट्यावर मुगाच्या मोडांच्या शेपट्या खुडत बसल्या होत्या. इथं मोड तसेच शिजवत नाहीत, एकेक शेपटी खुडतात. मी जाऊन शेजारी बसले आणि टोपलीत हात घातला. त्या गडबडल्या, "नको नको, आपण कशाला" असं अदबीत म्हणाल्या. मी खुडतच राहिले. रोज जाऊ लागले. आठवडाभरानं पुन्हा विचारून रेकॉर्डर वर फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. ठेवा, म्हणाल्या. पहिले दोन दिवस वर बघत होत्या. तिसऱ्या दिवशी विसरल्या.

मग जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? त्यांच्या तोंडून बाजार बोलायला लागला. भाजीवाल्याच्या वजनाबद्दल, शेजारच्या मांजरीबद्दल, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या दिराबद्दल. मीही लोमात बोलायचा प्रयत्न करायचे, आणि माझं लोमा म्हणजे अंगात दुसऱ्याचा सदरा. त्या दचकून हसायच्या. "लाइन कितू!" म्हणजे, तसं न्हाई! मग तीच गोष्ट स्वतः बोलून दाखवायच्या. एके सकाळी मी आंघोळीला उशीर केला म्हणून बाहेरून ओरडल्या, अगदी मोकळ्या भाषेत, की पाण्यात काय भिजत पडलीस, भात गार झाला. मी आत उभी राहून हसत होते. शिव्या खाऊन इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सहा आठवड्यांत तीस तास भरले. मी आनंदानं त्यांना सांगितलं, झालं, आता हे उतरवून सरांना दाखवते, पुढं विद्यापीठात जपून ठेवतील, लोक ऐकतील.

त्यांचे हात थांबले. "कोण लोक?"

"प्राध्यापक. विद्यार्थी."

"त्यात काय काय आहे?"

मी म्हटलं, सगळंच. दीर सुद्धा.

त्यांचा चेहरा उतरला. रेकॉर्डर आहे हे त्यांना माहीत होतं, सही होती, पण माहीत असणं वेगळं आणि आठवणीत असणं वेगळं. त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या डोक्याला रुमाल बांधून. आणि मला लेमेसमध्ये म्हणाल्या, अगदी मऊ, की आपण कृपा करून ते पुसून टाकावं. शिकलेली माणसं ऐकतील आणि म्हणतील, या बाईला कुणी वळण लावलेलं नाही. आईवडिलांनी काही शिकवलं नाही. बाजारात वाढली.

पुसलं तर माझा प्रबंध गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही. सरांना सांगितलं. सर म्हणाले, सही आहे ना, नियमानं तुमचा हक्क आहे. येर तिथंच बसली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आमच्यात लग्न ठरवायला म्हातारे बसतात तेव्हा तेही वेगळं बोलतात. म्हणी घालून, फिरवून फिरवून. त्याला आम्ही फुलांचं बोलणं म्हणतो. म्हणजे एकच कपडा आहे असं मी तुला सांगितलं ते काही खरं नाही. चारचौघांत जाताना सगळेच फुलं घालतात. माझ्या आईनं पुसायला सांगितलं असतं तर मी सही बघितली नसती." मग ती म्हणाली, "पण तुझा प्रबंध जाईल."

अंगकोटमध्ये बसून मी घरी निघाले. अंगकोट म्हणजे आपल्या सेनगाव लाइनची जीपच, फक्त हिरवी. गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. सगळा रस्ता मला शाळेतल्या बाई आठवत होत्या. मी चौथीपर्यंत "न्हाई" टाकलं ते काही कुणी जबरदस्तीनं काढून घेतलं नव्हतं. मलाच वाटलं होतं की ते टाकलं नाही तर लोक म्हणतील, हिला आईबापानं काही शिकवलं नाही. इबू इमासना वाटत होती तीच भीती. मी आठव्या-नवव्या वर्षी भ्याले होते आणि त्या साठीनंतर भीत होत्या.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. त्या ओट्यावर होत्या. मी बाजूला बसले आणि रेकॉर्डर त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, हे बटण दाबलं की सगळं जाईल. तुम्हीच दाबा.

त्यांनी बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आधी जरा ऐकू दे. काय बोलले ते तरी कळू दे."

मी मधूनच कुठूनतरी लावलं. मोड खुडल्याचा आवाज, भांडं सरकल्याचा आवाज, मग माझं मोडकंतोडकं लोमा, आणि त्यावर त्यांचं हसू. स्वतःचं हसू ऐकून त्या चमकल्या. पुढं त्यांचा आवाज, "तसं न्हाई, असं." मग मी पुन्हा चुकले. पुन्हा, "असं म्हण. हां. आता बरं." पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्यांनी बोट काढून घेतलं होतं. शेवटी म्हणाल्या, "मी तुला शिकवत होते?"

"रोज," मी म्हटलं.

"मी शाळेत फक्त चार वर्षं गेले," त्या म्हणाल्या. मग फोन करून त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या धाकट्या बहिणीला बोलावलं. दोघी ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि चार वाजेपर्यंत ऐकत राहिल्या. भाजीवाल्यापाशी बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला. ती म्हणाली, "अक्का, आई अशीच बोलायची गं. हुबेहूब." तोच तुकडा दोघींनी मला पुन्हा लावायला लावला.

मग इबू इमासनी निकाल दिला. दीर काढून टाकायचा. पूर्ण. बाकी राहू दे. आणि एक अट. "त्या पुस्तकात लिही की इबू इमासला लेमेससुद्धा चांगलं येतं. उत्तम येतं. हे बाकीचं ती मुद्दाम बोलली, तुला शिकवायला."

मी लिहिलं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात पहिलीच तळटीप ती आहे. परीक्षकांनी विचारलं, या टिपेची गरज काय? मी म्हटलं, ती नसती तर पुढची दोनशे पानं नसती. दीर गेल्यामुळं अडीच तास कमी झाले, पण उरलेले पुरले. येरच्या चुलीशेजारी माझा ओटा बसला. तुलनेत काय निघालं ते इथं सांगत बसत नाही, ते कंटाळवाणं आहे. एवढंच सांगते की इतक्या वेगळ्या दोन भाषांत, एक सुरांवर चालणारी, एक कपडे बदलणारी, घरातल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा जे म्हटलं गेलं ते जवळजवळ सारखंच होतं. सरक. दे इकडं. खाल्लंस का. तसं न्हाई.

मला आता इथंच शब्दकोशाच्या कामावर नोकरी आहे. लोक विचारतात, करमतं का? करमतं. खोटं सांगत नाही, चांगलं करमतं. ज्वारीची आठवण येते. तूर सोलताना नखात बसतो त्या हिरव्या वासाची येते. पण आधी मी समजत होते की घर एका जागी असतं आणि आपण तिथून निघतो. आता मला वाटतं, जिथं आपल्याशी बोलताना समोरच्याला पावडर लावावी लागत नाही तेवढी जागा घर. ती कधी मोठी असते, कधी ओट्याएवढी. ती आपोआप मिळत नाही, शिरड शहापूरलाही नाही. आईशी मी आता फोनवर "न्हाई" म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "तब्येत बरी हाय ना तुझी?"

पदवीदान झालं तेव्हा आई आली होती. बाबांना विमानाची धास्ती. ते म्हणाले, तू बघून ये अन् मला सांग. पहिल्या दिवशी इबू इमास नव्या रुमालात दारात उभ्या राहिल्या आणि आईचं सगळं स्वागत त्यांनी लेमेसमध्ये केलं, वाकून, उत्तमातलं उत्तम. आईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ती म्हणाली, "व्हय बाई, व्हय." मी मध्ये उभी राहून भाषांतर करत होते. दुसऱ्या दिवशीही केलं. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं, माझा घसा सुकला.

समारंभाच्या दिवशी फोटो काढून मी थोडी मागाहून घरी आले, अंगात तो काळा झगा तसाच. मागून आवाज येत होते. जाऊन बघते तर दोघी ओट्यावर शेजारी शेजारी, मध्ये सुपात लसूण, दोघींचे डोळे खाली. इबू इमास आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाचं सांगत होत्या, एकदम मोकळ्या लोमात. मला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. त्या थांबल्या की आई बोलायची. ती तिच्या थोरल्या बहिणीचं सांगत होती, जी माझ्या जन्माआधीच गेली. तेही मी पुरतं कधी ऐकलेलं नव्हतं. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. आणि एकीनं सुस्कारा टाकला की दुसरी अगदी तिथंच मान हलवत होती.

दोन्ही बाजू कळणारी तिथं मी एकटीच होते. मी सवयीनं पुढं झाले, म्हटलं, "माय, त्या म्हणतात की—"

आईनं मान वर केली नाही. लसूण सोलता सोलता म्हणाली, "तू जा गं, ते काळं काढून ये आधी. आमचं चालू हाय."